मर्यादित दाहाचे शास्त्र : फुप्फुसातील गाठींवरील प्रतिमादर्शित उष्णतोपचार

प्रस्तावना

फुप्फुसात कर्करोगाची गाठ आढळली, तर ती शस्त्रक्रियेने काढून टाकायची किंवा बाहेरून किरण देऊन नष्ट करायची, हे दोनच स्थानिक उपाय विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात वैद्यकाच्या हाती होते; त्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या जोडीला तिसरा उपाय आला. छाती न उघडता, सीटी स्कॅनवर पाहत पाहत, दीड-दोन मिलिमीटर जाडीची सुई दोन बरगड्यांच्या मधून थेट गाठीत न्यायची, तिच्या टोकापाशी उष्णता निर्माण करायची आणि गाठ जागच्या जागी मारायची, असा हा उपाय आहे. त्याला प्रतिमादर्शित औष्णिक ॲब्लेशन म्हणतात. सुईची वाट स्कॅनच्या प्रतिमेवरून ठरते, मारक शक्ती उष्णतेची असते, आणि गाठ बाहेर न काढता शरीरातच निर्जीव केली जाते; मृत ऊतींची विल्हेवाट पुढे काही महिन्यांत शरीर आपल्या गतीने लावते.

या उपचाराकडे वळणाऱ्या गाठी दोन जातींच्या असतात आणि नवख्या वाचकाने हा भेद आरंभीच लक्षात घेतलेला बरा. फुप्फुसाच्या स्वतःच्या पेशींपासून उद्भवणारा कर्करोग हा प्राथमिक कर्करोग. तर मोठे आतडे, मूत्रपिंड, हाडे, स्नायू अशा अन्य ठिकाणच्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे फुप्फुसात येऊन रुजल्याने होणाऱ्या गाठी म्हणजे दुय्यम गाठी, ज्यांना दवाखान्यात सर्रास ‘मेटास्टॅसिस’ म्हटले जाते. शरीरातील सर्व रक्त फुप्फुसांतून गाळले जात असल्याने दुय्यम गाठींचे हे नेहमीचे ठिकाण आहे. पहिल्या जातीत एकच गाठ समूळ नष्ट करून रोगमुक्तीची आशा धरता येते. दुसऱ्या जातीत दिसणाऱ्या गाठींमागे न दिसणारा रोग असण्याची शक्यता गृहीत धरूनच निर्णय घ्यावा लागतो. तंत्र एकच असले, तरी या दोन रुग्णांना डॉक्टर जे आश्वासन देऊ शकतात ते एकसारखे नसते.

गाठ जाळणे ही या क्षेत्रातील सर्वांत सोपी गोष्ट आहे. कोणती गाठ या मार्गाला लावायची, कुठवर जाळायचे आणि जळाले ते पुरेसे होते की नाही हे कसे ओळखायचे, हे तीन प्रश्न अवघड आहेत. गेल्या पाव शतकात या विषयाने जी प्रगती केली ती मुख्यतः या प्रश्नांची उत्तरे अधिकाधिक नेमकी करत जाण्याची आहे. म्हणूनच आपल्या मर्यादा मोजून दाखवू शकणारा उपचार या दृष्टीने या विषयाकडे पाहावे, अशी प्रस्तुत ग्रंथाची भूमिका आहे.

वाढलेले मांस डाग देऊन नष्ट करण्याची कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. परंतु डागणी पृष्ठभागावरच पोहोचते. शरीराच्या आत, भोवतालच्या निरोगी भागाला धक्का न लावता उष्णता उत्पन्न करायची तर विजेची गरज होती. १८९१ च्या सुमारास फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्सेन दार्सोनव्हाल यांनी दाखवून दिले की, विद्युत्प्रवाहाची दिशा सेकंदाला दहा हजारांहून अधिक वेळा बदलत ठेवली, तर तो शरीरातून जाताना स्नायूंना झटका बसत नाही, फक्त ऊब निर्माण होते. याच तत्त्वावर विल्यम बोव्ही यांनी बनवलेले यंत्र १९२६ मध्ये बॉस्टन येथे मेंदूचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी शस्त्रक्रियेत वापरले आणि विजेने ऊती कापण्याचे व रक्तस्राव थांबवण्याचे साधन शस्त्रक्रियागृहात कायमचे आले.

सुई खोलवर नेण्यासाठी मात्र आत पाहता येणे आवश्यक होते. गॉडफ्री हौन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरवर १९७१ मध्ये लंडनजवळच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे छायांकन झाले, आणि त्यानंतर काही वर्षांतच सीटीच्या आधाराने छातीतील गाठीत सुई घालून तपासणीसाठी तुकडा काढणे, म्हणजे बायोप्सी करणे, शक्य झाले. ज्या वाटेने तुकडा बाहेर येतो त्याच वाटेने उपचार आत जाऊ शकतो, ही त्यापुढची स्वाभाविक पायरी होती. १९९० मध्ये अमेरिकेत जॉन मॅकगॅहन यांनी आणि इटलीत सँड्रो रॉसी यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, सुईच्या टोकातून रेडिओलहरींच्या वारंवारतेचा प्रवाह सोडून यकृतातील ऊती जाळता येतात हे प्रसिद्ध केले. फुप्फुसाकडे वळायला आणखी काही वर्षे लागली. हवेने भरलेल्या, श्वासागणिक हलणाऱ्या अवयवात सुई तापवण्याचे धाडस आधी सशांवर करून पाहण्यात आले. नाहूम गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते प्रयोग प्रसिद्ध केले. मानवी फुप्फुसातील गाठींवरील पहिला अहवाल २००० साली डेमियन दुपुई यांच्या गटाकडून आला. त्यात अवघे तीन रुग्ण होते.

उष्णता पेशींना कशी मारते, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजणार नाही. ऊतींचे तापमान ४२-४३ अंश सेल्सियसच्या आसपास नेले तर पेशी दुबळ्या होतात, पण तासभर टिकलेल्या उष्णतेनंतरही त्यांतील पुष्कळशा सावरतात. या पातळीवरचा उपचार हायपरथर्मिया म्हणून ओळखला जातो आणि तो सहसा किरण किंवा औषधांच्या सोबतीने दिला जातो. ५० अंशांच्या थोडे वर काही मिनिटांत पेशी मरतात. ६० अंशांपुढे पेशीतील प्रथिने जवळजवळ तत्क्षणी गोठतात आणि मग परत फिरण्याची वाट उरत नाही. ॲब्लेशनचा प्रदेश हा ६० ते १०० अंशांमधला. त्याहून वर गेल्यास ऊतींतील पाणी उकळते, वाफ होते, सुईभोवती कोळशाचा थर जमतो आणि वीज त्यापुढे वाहीनाशी होते. म्हणजे जास्त तापवण्याच्या नादात दाहाचे क्षेत्र लहानच राहते. या उपचारातील यंत्ररचनेचा बराचसा इतिहास या एका अडचणीवर मात करण्याचा आहे.

फुप्फुस या बाबतीत यकृताहून वेगळे वागते. गाठीभोवतीची हवा उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे निर्माण झालेली उष्णता गाठीतच कोंडून राहते आणि थोड्या ऊर्जेत मोठा परिणाम साधतो. पण हीच हवा विजेलाही अडवते, त्यामुळे गाठीच्या कडेबाहेरचा निरोगी पट्टा तापवणे कठीण होते, आणि कर्करोगाच्या सूक्ष्म पेशी तर नेमक्या त्या पट्ट्यात दडलेल्या असतात. शिवाय तीन मिलिमीटरहून रुंद रक्तवाहिनी गाठीला लागून असेल, तर वाहते रक्त उष्णता सतत हिरावून नेते आणि वाहिनीच्या बाजूचा गाठीचा काठ जिवंत राहू शकतो. एकाच अवयवातील या परस्परविरोधी गुणांमुळे फुप्फुसासाठी यकृताचे नियम जसेच्या तसे लागू पडले नाहीत. ते नव्याने बसवावे लागले.

प्रत्यक्ष प्रक्रिया जवळून पाहिली की हे नियम कसे उतरतात ते कळते. रुग्णाला सीटीच्या पाटावर पाठीवर, पालथे किंवा कुशीवर अशा रीतीने निजवतात की, कातडीपासून गाठीपर्यंतची वाट शक्य तितकी कमी वेळा फुप्फुसाचे आवरण छेदेल आणि दोन खंडांमधील भेग तर शक्यतो ओलांडणारच नाही. कारण आवरणाला पडलेल्या प्रत्येक छिद्रातून हवा गळण्याचा धोका असतो. भूल पूर्ण द्यायची की रुग्णाला गुंगीत ठेवायचे, हे गाठीच्या जागेवर आणि केंद्राच्या रिवाजावर ठरते. रेडिओलहरींचा प्रवाह वापरायचा असेल तर परतीच्या प्रवाहासाठी मांड्यांवर चिकट पॅड लावतात. बरगडीच्या खालच्या काठाने रक्तवाहिनी व चेता जात असल्याने सुई नेहमी बरगडीच्या वरच्या काठालगत शिरते. दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकल्यावर स्कॅन, दिशेत बारीक दुरुस्ती, पुन्हा स्कॅन, असे करत टोक गाठीत पोहोचते. गाठ टणक असेल तर ती सुईपुढे सरकते आणि टोक बाजूने निसटते. म्हणून केवळ आडव्या छेदावर विसंबून न राहता उभ्या छेदांतही सुई गाठीच्या मधोमध आहे ना, हे पडताळावे लागते. मग ऊर्जा सुरू होते. यंत्राच्या जातीनुसार पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत ती चालते, आणि या वेळात स्कॅनवर गाठीभोवती धुरकट वलय उमटू लागते. हे वलय गाठीला सर्व बाजूंनी निदान पाच मिलिमीटर, शक्य तर एक सेंटिमीटर, पुरून उरले पाहिजे. एखाद्या बाजूला ते तोकडे दिसले तर सुई त्या बाजूला सरकवून पुन्हा तापवतात. संपूर्ण उपचाराचे भवितव्य बहुधा या चार-दोन मिलिमीटरांत ठरते.

ऊर्जेच्या प्रकारावरून या क्षेत्रात काही स्पष्ट परंपरा तयार झाल्या. सर्वांत जुनी रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशनची, जिला व्यवहारात ‘आरएफए’ म्हणतात. तीत साधारण ४०० ते ५०० किलोहर्ट्झचा प्रवाह ऊतींतील आयनांना मागेपुढे हलवतो आणि त्या घर्षणातून उष्णता होते. सुईभोवती कोळसा जमू नये म्हणून यंत्रकारांनी निरनिराळ्या वाटा चोखाळल्या. एका रचनेत सुईच्या टोकातून छत्रीच्या काड्यांसारख्या अनेक बारीक तारा बाहेर पसरतात, ज्यामुळे गाठ सर्व बाजूंनी पकडली जाते. अशा यंत्रांपैकी काही ऊतींचा विद्युत्-अडथळा मोजून तर काही तारांच्या टोकांचे तापमान मोजून ऊर्जा कमी-जास्त करतात. दुसऱ्या रचनेत सुई सरळ असते आणि तिच्या पोटातून थंड पाणी खेळवून टोक गार राखले जाते, म्हणजे उष्णता दूरवर पोहोचते. कोणत्या रचनेने चांगले परिणाम मिळतात यावर बरेच लिहिले गेले. आज मागे वळून पाहता असे दिसते की यंत्राच्या निवडीपेक्षा गाठीचा आकार आणि सुईची अचूकता यांचा परिणाम मोठा आहे.

दुसरी परंपरा मायक्रोवेव्हची. ९१५ किंवा २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी पाण्याच्या रेणूंना वेगाने हेलकावे देतात, आणि त्यासाठी प्रवाहाला शरीरातून वाट मिळण्याची गरज नसल्याने कोळसा किंवा हवा यांनी त्यांचे काम थांबत नाही. मांड्यांवरचे पॅड लागत नाहीत, वेळ कमी लागतो, दाहाचे क्षेत्र मोठे मिळते आणि जवळच्या रक्तवाहिनीचा थंडावा कमी जाणवतो. या गुणांमुळे गेल्या दशकात अनेक केंद्रे मायक्रोवेव्हकडे वळली. इटलीतील एका लहान यादृच्छिक चाचणीत, म्हणजे रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून केलेल्या तुलनेत, मायक्रोवेव्हने वेदना कमी आणि गाठीचे आकुंचन अधिक दिसले, मात्र जगण्याच्या कालावधीत फरक दिसला नाही. अधिक शक्तीला दुसरी बाजू असते: दाह इतक्या त्वरेने पसरतो की छातीची भिंत, मोठी श्वासनलिका किंवा मध्यपटलाची चेता जवळ असल्यास चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

लेसरची परंपरा जर्मनीत विशेष जोपासली गेली. तंतूतून नेलेला प्रकाश ऊतींत शोषला जाऊन उष्णता देतो, पण एका तंतूचे क्षेत्र लहान असल्याने ती मागे पडली. उष्णतेच्या या कुटुंबाशेजारी थंडीची शाखाही आहे: क्रायोॲब्लेशनमध्ये दाबाखालचा आर्गॉन वायू सुईच्या टोकाशी प्रसरण पावून उणे शंभर अंशांच्याही खाली तापमान नेतो आणि बर्फाच्या गोळ्यात गाठ गोठवतो. या पद्धतीत ऊतींची चौकट टिकते, वेदना कमी होतात आणि छातीच्या भिंतीलगतच्या गाठींसाठी ती सोयीची ठरते. उष्णतेप्रमाणे रक्तवाहिन्या बंद होत नसल्याने रक्तस्रावाकडे मात्र अधिक लक्ष ठेवावे लागते. उष्णता अजिबात न वापरता विजेच्या अतितीव्र स्पंदांनी पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडण्याची पद्धतही फुप्फुसात तपासली गेली, आणि ॲलिस नावाच्या युरोपीय चाचणीत ती निष्प्रभ ठरली. २०१५ मध्ये हा नकारात्मक निष्कर्ष खुलेपणाने प्रसिद्ध झाला, ही या क्षेत्राच्या प्रौढत्वाची खूण मानायला हवी.

भूगोलानेही या विषयाला आकार दिला आहे. अमेरिकेत शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या वृद्ध धूम्रपायींचा प्राथमिक कर्करोग हा केंद्रस्थानी राहिला. फ्रान्समध्ये व्हिलज्वीफ आणि बोर्दो येथील केंद्रांनी दुय्यम गाठींवर सर्वांत मोठा अनुभव जमा केला. जपानमध्ये ओकायामा येथील गटाने गुंतागुंतींची बारकाईने नोंद ठेवली. आणि चीनमध्ये सीटीवर काचेच्या धुक्यासारख्या दिसणाऱ्या, संथ वाढणाऱ्या, अनेकदा एकाहून अधिक असणाऱ्या गाठींवर मायक्रोवेव्हचा वापर वाढला. यांपैकी एका परंपरेचे आकडे दुसरीला लावणे धोक्याचे आहे.

पुराव्याच्या बाजूने पाहता तीन अभ्यासांचा उल्लेख अटळ आहे. रिकार्डो लेन्चोनी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रॅप्चर या बहुकेंद्री अभ्यासात १०६ रुग्णांतील साडेतीन सेंटिमीटरपर्यंतच्या १८३ गाठींवर आरएफए करण्यात आले. वर्षभर पाठपुरावा झालेल्या रुग्णांपैकी ८८ टक्क्यांमध्ये गाठ पूर्णपणे नियंत्रित राहिली आणि श्वसनक्षमता लक्षणीय घटली नाही. अमेरिकेतील १६ संस्थांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेस अपात्र ठरलेल्या पहिल्या टप्प्यातील ५१ रुग्णांपैकी दोन वर्षांनंतर सुमारे ७० टक्के हयात होते. पण त्याच ठिकाणी रोग पुन्हा न उद्भवलेल्यांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपासच होते. दोन सेंटिमीटरहून लहान गाठींत चित्र बरेच चांगले होते. त्याच वर्षी थिएरी द बेर यांच्या फ्रेंच गटाने ५६६ रुग्णांतील १,०३७ दुय्यम गाठींचा अनुभव मांडला: मध्यम आयुर्मान ६२ महिने, आणि चार वर्षांत उपचार केलेल्या जागी रोग वाढण्याचे प्रमाण ११ टक्के. या तिन्हींतून एकच धडा निघतो. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर दाह भरवशाचा आहे, तीनपर्यंत तो शक्य आहे, आणि तीन ओलांडल्यावर यश झपाट्याने घसरते.

हे आकडे वाचताना दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी की, ॲब्लेशनची शस्त्रक्रियेशी किंवा नेमक्या किरणोपचाराशी थेट तुलना करणाऱ्या मोठ्या यादृच्छिक चाचण्या झालेल्या नाहीत. धडधाकट रुग्णासाठी शस्त्रक्रिया हाच पहिला मार्ग आहे. तीतही काप लहान होत चालला असून, २०२२ आणि २०२३ मध्ये आलेल्या जपानी व अमेरिकी चाचण्यांनी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी फुप्फुसाचा पूर्ण खंड काढण्याची गरज नसल्याचे दाखवले. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठी स्टिरिओटॅक्टिक किरणोपचार, म्हणजे अनेक दिशांनी येणारे किरण गाठीवर एकवटून थोड्याच बैठकींत मोठी मात्रा देण्याची पद्धत, आज प्रमाण मानली जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत तीन वर्षांनी मूळ गाठीवरील नियंत्रण ९७ टक्क्यांहून अधिक होते. ॲब्लेशनचे हक्काचे क्षेत्र त्यामुळे या दोहोंच्या सीमेवर आहे: किरणांची मर्यादा आधीच गाठलेला रुग्ण, किरणांनंतर त्याच जागी पुन्हा उद्भवलेली गाठ, फुप्फुस तंतुमय झाल्याने किरण सोसू न शकणारा रुग्ण, किंवा वर्षा-दोन वर्षांनी नवी गाठ येण्याची शक्यता असल्याने पुन्हा पुन्हा करता येईल अशा उपचाराची गरज असलेला रुग्ण.

दुसरी सावधगिरी दुय्यम गाठींबाबत आहे. रोग मोजक्याच जागी पसरलेला असेल तर त्या जागा नष्ट करून आयुष्य वाढवता येईल, ही कल्पना सॅम्युएल हेलमन आणि राल्फ वाइशेलबाउम यांनी १९९५ मध्ये मांडली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९९ रुग्णांच्या किरणोपचार चाचणीने तिला बळ दिले, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील फुप्फुसगाठी कापून काढण्याची ब्रिटिश चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने लवकर थांबली आणि तिच्यातून ठोस लाभ सिद्ध झाला नाही. मोजक्या, संथ गाठी असलेले रुग्ण उपचाराविनाही तुलनेने अधिक काळ जगतात. म्हणून निवडलेल्या रुग्णांचे चांगले आयुर्मान हे सगळेच सुईचे श्रेय मानता येत नाही.

दाहाची किंमतही ठाऊक असावी. सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुस आणि छातीच्या भिंतीमधील पोकळीत हवा शिरून फुप्फुस आकसणे. वर उल्लेखिलेल्या रॅप्चर अभ्यासात १३७ प्रक्रियांपैकी २७ वेळा त्यासाठी छातीत नळी घालावी लागली. याशिवाय थुंकीतून रक्त, आवरणात पाणी, काही दिवसांचा ताप, क्वचित फुप्फुसात पू, श्वासनलिका आणि आवरण यांच्यात न भरणारी वाट, आणि अत्यंत विरळ पण जीवघेणा असा रक्तवाहिनीत हवा शिरण्याचा प्रकार यांचा धोका असतो. बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातात हे खरे, पण ‘टाके नाहीत म्हणजे धोका नाही’ हा समज रुग्णाच्या मनात राहू देणे योग्य नाही.

उपचार झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि ती छायाचित्र वाचणाऱ्याची असते. पहिल्या महिन्याच्या सीटीवर जळालेला भाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसतो. हे ठाऊक नसलेला डॉक्टर गाठ वाढल्याचा निष्कर्ष काढू शकतो. पुढील महिन्यांत तो आकसत जातो, कधी त्यात पोकळी पडते, कधी केवळ एक वण उरतो. पेशींचा साखरेचा वापर दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर पहिले तीन महिने जखमेचा दाह कर्करोगासारखाच चमकतो. सहा महिन्यांनंतर मात्र वाढ दिसली, किंवा कडेला नवा ठोकळ उंचवटा उमटला, तर तो पुनरुद्भव मानून तपासावा लागतो. यासाठी २००५ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये जागतिक तज्ज्ञगटाने अहवालाची परिभाषा निश्चित केली, तेव्हा कुठे निरनिराळ्या केंद्रांचे निकाल एकमेकांशेजारी ठेवणे शक्य झाले.

हा विषय आज महत्त्वाचा का ठरतो, याची कारणे अनेक आहेत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार फुप्फुसाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे १८ लाख मृत्यू होतात. कमी मात्रेच्या सीटीने धूम्रपायींची नियमित तपासणी केल्यास या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात, हे २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत दिसून आले. अशा तपासणीत लहान गाठी अधिक सापडतात आणि लहान गाठीच दाहाला योग्य असतात. लक्ष्यवेधी गोळ्यांवर वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या रुग्णात एखादीच गाठ बंड करून उठते, तेव्हा चालू असलेले गुणकारी औषध न बदलता ती एक गाठ नष्ट करण्याचा पर्याय मिळतो. भारतीय रुग्णांत अशा गोळ्यांना दाद देणाऱ्या जनुकीय बदलांचे प्रमाण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा अधिक असल्याने हा मुद्दा इथे विशेष लागू पडतो. नव्या यंत्रमानवी दुर्बिणींमुळे छातीला छिद्र न पाडता श्वासनलिकेच्याच वाटेने मायक्रोवेव्हचा तंतू गाठीपर्यंत नेण्याचे प्रयत्नही सुरू झाले आहेत. हवा गळण्याचा धोका त्यात कमी असला, तरी दाहाची कड पुरेशी मिळते का, याचा निवाडा व्हायचा आहे.

महाराष्ट्रात या चर्चेला स्वतःचा संदर्भ आहे. १९४१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थांत प्रतिमादर्शित उपचारांची परंपरा रुजली आहे, परंतु राज्यातील बहुसंख्य फुप्फुस कर्करोग आजही पसरल्यावरच कळतो. विडी, चुलीचा धूर आणि शहरांची हवा ही कारणे तर आहेतच. पण एक्स-रेवरील सावली क्षयाची समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जाणे, हेही उशिराचे मोठे कारण आहे. हाच गोंधळ उलट दिशेनेही घडू शकतो. क्षयाची जुनी गाठ सीटीवर आणि पेटवरही कर्करोगाचा आभास निर्माण करते. म्हणून जिथे क्षय घरोघरी ठाऊक आहे त्या प्रदेशात बायोप्सीचा निष्कर्ष हाती आल्याशिवाय सुई तापवू नये, हा नियम परदेशी मार्गदर्शिकांपेक्षा इथे अधिक कठोरपणे पाळला गेला पाहिजे. अंतराचाही प्रश्न आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाला उपचारासाठी एकदा नागपूर, पुणे वा मुंबईला आणणे जमते. पण दर तीन महिन्यांचा स्कॅन चुकला तर उपचार यशस्वी झाला की नाही हेच कळत नाही, आणि घरी परतताना वाटेत धाप लागली तर कोणत्या रुग्णालयात जायचे हे आधी ठरलेले नसते. छातीत नळी घालू शकणारे जिल्हा रुग्णालय आणि उपचार केंद्र यांच्यातील दुवा हा या उपचाराचा अविभाज्य भाग आहे.

ही सर्व पार्श्वभूमी ध्यानात घेऊन प्रस्तुत ग्रंथाची आखणी केलेली आहे. तो रेडिओलॉजी आणि छातीरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तितकाच आपल्या रुग्णाला कुठे पाठवावे या विचारात असलेल्या जिल्ह्याच्या डॉक्टरसाठी आणि वैद्यकाबाहेरील जिज्ञासू वाचकासाठीही आहे. म्हणून भौतिकशास्त्राचा भाग समीकरणांऐवजी कारणपरंपरेने समजावण्यावर भर दिला आहे, यंत्रांची माहिती त्यांच्या जाहिरातींपासून दूर राहून दिली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी एखादी गोष्ट करता येते का याच्या बरोबरीने ती करू नये असे कधी ठरवायचे, हेही मांडले आहे. अयशस्वी उपचारांच्या प्रतिमा यशस्वी प्रतिमांइतक्याच जागेत छापण्याचा निर्णयही याच भूमिकेतून आला. कारण पुनरुद्भव ओळखायला शिकलेला डॉक्टरच पुढच्या वेळी वलय कुठे तोकडे पडते आहे हे वेळीच पाहू शकतो.

शस्त्रक्रिया, किरण, औषधे आणि सुई यांपैकी कोणाचे पारडे जड, असा निवाडा देणे हा या ग्रंथाचा हेतू नाही. या चारही उपचारांचे तज्ज्ञ एका टेबलाशी बसून एकेका रुग्णाचा विचार करतात तिथेच योग्य निर्णय होतो, आणि अशा बैठकीत सुई धरणाऱ्याने ‘ही गाठ माझ्यासाठी नाही’ असे सकारण सांगता येणे हे त्याच्या कौशल्याचे पहिले प्रमाण आहे. तेवढे सांगण्याची तयारी वाचकाच्या अंगी यावी, आणि जी गाठ खरोखर या उपचाराची आहे ती त्याच्या नजरेतून सुटू नये, एवढीच अपेक्षा या लेखनामागे आहे.